गॅरेजमधल्या साऊंड सिस्टिमची ‘घूं’ आणि खरखर: कोकणातल्या घरात आधी काय तपासायचं

हरतालिकेच्या संध्याकाळी माझा फोन वाजला की विषय बहुतेक एकच असतो. “दादा, उद्या गणपती यायचेत आणि सिस्टिम नुसती घूंऽऽ करतेय.” रत्नागिरीजवळच्या मिऱ्यापासून पावसपर्यंत बऱ्याच घरांनी अंगणाच्या कडेला चिऱ्याचं गॅरेज बांधलंय. गाडी बाहेर काढली की तिथेच टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि दोन-चार स्पीकर लावून बैठक जमते. भजनाचा सराव, क्रिकेटची मॅच, पोरांची गाणी, सगळं तिथे, आणि माजघरात झोपलेल्या आजीला त्रास नाही. सोय फार चांगली आहे. पण यंत्रासाठी ही जागा घरापेक्षा अवघड. शटरखालून खारा वारा येतो, चार महिने ओल मुरते, वीज घरातून वायर ओढून आणलेली असते आणि घर चाकरमान्यांचं असेल तर मे महिन्यात बंद केलेली सिस्टिम थेट भाद्रपदात चालू होते.

हा एकच बिघाड मी इतक्या घरांत काढलाय की आता तपासणीचा क्रम ठरून गेलाय. फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर, ॲम्प्लिफायर उघडणं सगळ्यात शेवटी. ॲम्प्लिफायर उचलून दुकानात न्यायची घाई करू नका. दुकानात तो स्वच्छ वाजतो, मेकॅनिक ‘काही नाही यात’ म्हणतो, घरी आणला की पुन्हा घूं. कारण दोष यंत्रात नसतो, ते जिथे जोडलंय तिथे असतो.

आधी लक्षण नीट ऐका

व्हॉल्यूम शून्यावर आणा. घूं गेली आणि व्हॉल्यूम वाढवला की वाढली, तर ती बाहेरून, इनपुटच्या वायरीतून आत येतेय. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तेवढीच राहिली, तर ती व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या पोटात किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात आहे. या एका चाचणीत निम्मं काम होतं.

मग आवाजाची जात ओळखा. आपली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंगच्या घोळातून येणारी घूं मुख्यतः ५० ची, जड, छातीत जाणवणारी. ॲम्प्लिफायरमधला फिल्टर कंडेन्सर, म्हणजे आतली वीज एकसारखी करणारा भाग, सुकला तर १०० हर्ट्झची येते, बरोबर एक सप्तक वर आणि जरा खरबरीत. पेटीवर बसणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. बाकीच्यांनी फोनवर टोन वाजवणारं एखादं ॲप घ्यावं आणि ५० व १०० दोन्ही हेडफोन लावून ऐकावेत. फोनच्या बारक्या स्पीकरमधून ५० ऐकूच येत नाही.

याशिवाय तीन-चार लक्षणं पुन्हा पुन्हा दिसतात. पंखा किंवा दिवा लावला की चिरचिर सुरू होते. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होते. एका बाजूचा स्पीकर जातो आणि वायर हलवली की परत येतो. दोन्ही स्पीकर वाजतात, पण पखवाजाची थाप पोकळ लागते.

आणि एक लक्षण आवाजाचं नाही. ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. हे असेल तर पुढचं काहीही करू नका, सरळ शेवटच्या भागावर जा.

पहिली तपासणी: सगळ्या इनपुट वायरी काढा

सिस्टिम बंद करा. ॲम्प्लिफायरच्या मागच्या सगळ्या इनपुट पिना काढा, फक्त स्पीकरच्या वायरी राहू द्या. चालू करा. शांत झाला ना? मग ॲम्प्लिफायर निर्दोष आहे. आता फोन चार्जरला न लावता ऑक्सच्या वायरीनं जोडा. गाणं स्वच्छ वाजेल. त्याच फोनला चार्जर लावा. घूं परत आली तर गुन्हेगार सापडला. लॅपटॉपचंही तेच, बॅटरीवर शांत आणि चार्जरवर घूं.

मग एकेक वायर परत जोडा. दर वेळी आधी व्हॉल्यूम शून्यावर. चालू ॲम्प्लिफायरला पिन खोचताना जो ‘धप्प’ बसतो त्यानं स्पीकरची कॉईल जाऊ शकते. ज्या वायरीला घूं परत येईल तीच आपली वाट. यात एक पैसा लागत नाही, दहा मिनिटं लागतात. तरीही नवा ॲम्प्लिफायर विकत घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसरी: डिशची किंवा केबलची वायर

टीव्ही जोडल्यावरच घूं येत असेल तर सेट-टॉप बॉक्समधून डिशची वायर हातानं आटे फिरवून काढा. चित्र जाईल, पण घूंही गेली का ते ऐका. माझ्या अनुभवात इथेच सगळ्यात जास्त वेळा उत्तर मिळतं.

त्याचं कारण समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डिशच्या वायरीची बाहेरची जाळी डिशच्या लोखंडी दांड्याला टेकते, दांडा घराच्या भिंतीत किंवा पत्र्याच्या शेडवर रोवलेला असतो. म्हणजे ती जाळी तिथे जमिनीशी जोडली गेली. ॲम्प्लिफायरची थ्री पिन गॅरेजच्या बोर्डातून दुसऱ्याच ठिकाणी जमिनीला जोडली गेली. दोन ठिकाणच्या जमिनींत थोडासा व्होल्टेजचा फरक असतोच. तो फरक मिटवायला करंट धावतो, आणि तो धावतो आपल्या ऑडिओ वायरीच्या जाळीतून. गाण्याचा सिग्नलही त्याच वायरीत. म्हणून गाण्याखाली घूं.

उपाय दोन. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल आणि ॲम्प्लिफायर किंवा साऊंडबारला तसाच इनपुट असेल तर ऑप्टिकल वायर लावा. तिच्यातून उजेड जातो, तांबं नाहीच, त्यामुळे दोन जमिनींची गाठच पडत नाही. तशी सोय नसेल तर ऑडिओच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. काही शे रुपयांची छोटी डबी असते, आत दोन बारके ट्रान्सफॉर्मर. अगदी स्वस्तातल्या डबीनं खालचे सूर थोडे पातळ होतात. भजनाला किंवा बातम्यांना चालेल, पण ढोलकीचा नाद हवा असेल तर ऑप्टिकलच बरं.

तिसरी: सगळं एकाच बोर्डावर

टीव्ही एका भिंतीच्या प्लगवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या, आणि सेट-टॉप बॉक्स घरातून आणलेल्या एक्स्टेंशनवर, हे गॅरेजमध्ये सर्रास दिसतं. एक चांगली थ्री पिन एक्स्टेंशन घ्या आणि तिघांना त्यावरच लावा. सगळ्यांची अर्थिंग एकाच जागी जुळली की त्यांच्यात फरक पडायला जागा राहत नाही. भाराची काळजी नको. घरगुती ॲम्प्लिफायर, टीव्ही आणि बॉक्स मिळून साधारण पाचशे वॅटच्या आत राहतात, आणि ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टवर १३८० वॅटपर्यंत झेपवतो. मात्र त्याच एक्स्टेंशनवर हवा भरायचा कॉम्प्रेसर, गाडी धुवायचा पंप किंवा इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर लावू नका. त्यांचा भारही मोठा आणि त्यांची कुरकुर गाण्यात उतरते.

इथेच एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. भाट्याच्या बाजूच्या एका घरी मी गेलो तेव्हा घूं आधीच थांबलेली होती. “एकानं करून दिली हो, पाच मिनिटांत,” वहिनी म्हणाल्या. मी मागे वाकून पाहिलं. ॲम्प्लिफायरच्या थ्री पिनमधली वरची जाड पिन पक्कडीनं मुळापासून तोडलेली. तोडलेल्या जागी पितळ अजून चमकत होतं. टेस्टर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला लावला, दिवा पेटला. फरशी ओली होती, आणि घरातला सात-आठ वर्षांचा मुलगा अनवाणी पायानं तिथेच पेन ड्राइव्ह लावत होता. मी आधी बोर्डाचं बटण बंद केलं, मग बोललो.

जाड पिन तोडली की घूं जाते हे खरं आहे, कारण जमिनीचा एक रस्ता तुटतो. पण आतला ट्रान्सफॉर्मर ओलीनं फुटला आणि फेज पत्र्याला लागला तर त्या करंटला जायला तोच एक सुरक्षित रस्ता होता. तो बंद केला की करंट तुमच्या अंगातून वाट काढतो. थ्री पिनच्या जागी टू पिन लावणं, जाड पिनेला चिकटपट्टी गुंडाळणं, एक्स्टेंशनच्या आत हिरवी वायर सोडवून ठेवणं, हे सगळं तेच. काही यंत्रं मुळात टू पिनची असतात, त्यांच्या मागे चौकोनात चौकोन अशी खूण छापलेली असते. ती तशी ठीक. पण थ्री पिनेसह आलेल्या यंत्राची जाड पिन कोणत्याही कारणानं काढू नका.

चौथी: दिवा, पंखा आणि वायरींची वाट

चिरचिर असेल तर गॅरेजमधलं एकेक बटण बंद करत जा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे हे तीन नेहमीचे. रेग्युलेटर एकदम पाचवर ठेवला आणि चिरचिर गेली तर तोच. इन्व्हर्टरवर गेल्यावरच आवाज बिघडत असेल तर तो बहुतेक स्क्वेअर वेव्हचा असतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेईपर्यंत वीज गेलेली असताना ॲम्प्लिफायर बंद ठेवलेला बरा.

ऑडिओच्या वायरी आणि विजेच्या वायरी एकत्र बांधल्या असतील तर सोडवा. वीतभर अंतर ठेवा, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

पाचवी: मीठ

आता आपल्या किनाऱ्याचा खरा त्रास. खरखर, मध्येच जाणारा स्पीकर, एकाच बाजूला येणारा आवाज, यांच्या मुळाशी इथे बहुतेक वेळा मीठ असतं. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येऊन पिनांवर बसतात. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे चार महिने तुमच्या प्रत्येक पिनेवर मिठाच्या पाण्याचा पातळ थर असतो. तांबं हिरवं पडतं, लोखंड फुलतं, आणि दोन धातूंच्या मध्ये जो पापुद्रा तयार होतो तो करंट नीट जाऊ देत नाही.

सगळं बंद करून प्लग काढा. प्रत्येक पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, फिरवत. नुसत्या घासण्यानंच पुष्कळदा आवाज परत येतो. मग कॉन्टॅक्ट क्लिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या. काडीवर हिरवा-काळा रंग उतरतो तो पाहिलात की बिघाड कुठे होता ते कळेल. सँडपेपर मारू नका. पिनेवरचा चकचकीत मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात ती दुप्पट वेगानं सडते.

स्पीकरच्या वायरीचं टोक बघा. काळपट किंवा हिरवं असेल तर दोन सेंटिमीटर कापून नवं सोला. आतलं तांबं झळझळीत लाल-नारिंगी निघालं तर ठीक. पुन्हा कापलं आणि पुन्हा काळंच निघालं, तर मीठ-पाणी आवरणाखालून वर चढलंय आणि ती वायर बदलायलाच हवी. नवी घेताना कल्हई केलेल्या तांब्याची वायर मिळते का ते विचारा. तार चंदेरी दिसते. होड्यांवर वायरिंग करणारे लोक तीच वापरतात, कारण ती खाऱ्या हवेत टिकते. गॅरेजमधल्या दहा मीटरपर्यंतच्या अंतराला दीड चौरस मिलिमीटर जाडी पुरते.

व्हॉल्यूमचं बटण खरखरत असेल तर वीज काढून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. एवढ्यानं गेलं नाही तर कंट्रोल क्लिनरचा फवारा लागतो. शिवणयंत्राचं तेल किंवा गंज सोडवायचं तेल आत मारू नका. तेलावर धूळ बसते आणि वर्षभरात बटण कायमचं जातं.

सहावी: स्पीकर

स्पीकरच्या दोन्ही वायरी ॲम्प्लिफायरपासून सोडवा आणि त्यांना भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. ‘टप्’ असा आवाज आला तर कॉईल जिवंत आहे. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या लाल टोकाला लावलं की कागद, म्हणजे स्पीकरचा समोरचा शंकू, बाहेर उसळला पाहिजे. एक स्पीकर बाहेर आणि दुसरा आत जात असेल तर वायरी उलट लागल्यात. पखवाजाची थाप पोकळ लागण्याचं हे सगळ्यात साधं कारण, कारण दोघं एकमेकांचे खालचे सूर खातात. मल्टिमीटर असेल तर ८ ओहमचा स्पीकर साडेपाच ते साडेसातच्या दरम्यान दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काहीच दाखवत नसेल तर कॉईल तुटली.

खोक्याला जे गोल भोक असतं त्यात टॉर्च मारून बघा. कुंभारीण माशीनं मातीचं घर करून ते भोक बुजवलेलं मला अनेकदा सापडलंय. कागदाच्या कडेचा फोम हात लावताच भुगा होत असेल तर तो बदलून मिळतो, आख्खा स्पीकर टाकू नका. पुढच्या वेळी घेताना रबरी कडेचा घ्या, आपल्या हवेत तो जास्त टिकतो. कागदावर बुरशी असेल तर कोरड्या मऊ ब्रशनं झाडा आणि सावलीत वारा लागू द्या. ओलं फडकं लावू नका.

सातवी: अर्थिंग

इथपर्यंत येऊनही घूं आहे, आणि विशेषतः ती एप्रिल-मेमध्ये वाढते व पाऊस पडला की कमी होते, असं असेल तर संशय अर्थिंगवर. ही गोष्ट सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळावरच्या, घरांत हमखास दिसते. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही. पावसात जमीन करंट घेते, उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठणठणीत झाला की घेत नाही. मग गॅरेजची अर्थिंग नावापुरती उरते आणि लहानसहान गळतीचं व्होल्टेज पत्र्यांवर तरंगत राहतं.

तुम्ही करण्यासारखं एक आहे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी ऐका. घूं स्पष्ट कमी झाली तर निदान झालं. पण हा उपाय नव्हे, चाचणी आहे. मल्टिमीटर हाताळायची सवय असेल तर सॉकेटवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा. दोन्ही जवळपास सारखे यावेत आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच असावेत. फेज-अर्थचा आकडा खूप कमी येत असेल किंवा नाचत असेल तर अर्थिंग तुटलेली आहे. सवय नसेल तर सॉकेटमध्ये काही घालू नका.

नवा खड्डा वायरमनकडूनच करून घ्या. जागा मात्र तुम्ही सुचवा, विहिरीच्या कडेला किंवा माडाच्या आळ्याजवळ, जिथे बारमाही ओल राहते. आणि गॅरेजची अर्थिंग घराच्या अर्थिंगला जाड तारेनं जोडून घ्या. दोन खड्डे वेगवेगळे राहिले तर आपण जिथून सुरुवात केली तोच घोळ परत येतो. अर्थिंगसाठी भारतीय मानक ३०४३ आहे. वायरमनला त्याप्रमाणे करायला सांगा आणि काम झाल्यावर अर्थ टेस्टरनं मोजून आकडा लिहून द्यायला सांगा.

इथे थांबा

सगळे इनपुट काढूनही, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही १०० हर्ट्झची घूं तशीच असेल तर दोष ॲम्प्लिफायरच्या आत आहे. तो उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो. स्विचिंग पॉवर सप्लायच्या कंडेन्सरमध्ये तर तीनशे व्होल्टच्या वर असतो. वर पालीची विष्ठा, मुंग्यांचं वारूळ आणि मिठाचा थर बसलेला असतो, त्यातून करंट भलतीकडेच वाहतो. हे काम टेबल, मीटर आणि सवय असलेल्या मेकॅनिकचं. त्याला मात्र ‘खराब आहे’ एवढंच सांगू नका. इनपुट काढल्यावर काय झालं, व्हॉल्यूम शून्यावर काय झालं, हे कागदावर लिहून द्या. त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसेही.

पुराचं किंवा उधाणाचं पाणी आत गेलेलं यंत्र, बाहेरून कितीही वाळलेलं दिसलं तरी, चालू करून बघू नका. २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर चिपळूणकडची काही यंत्रं माझ्याकडे आली. जी कोणी चालू करून पाहिली नव्हती त्यांतली बरीचशी धुऊन-वाळवून वाचली. चालू करून पाहिलेल्यांतलं एकही वाचलं नाही.

आणि पुढच्या गोष्टी दिसल्या तर मेकॅनिकला नाही, लायसन्स असलेल्या वायरमनला बोलवा: पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येणं, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारं बोर्डावरचं बटण) पुन्हा पुन्हा पडणं, बोर्ड किंवा प्लग हाताला गरम लागणं, बोर्डाजवळ जळकट किंवा नासक्या मासळीसारखा वास येणं. हा शेवटचा वास तापलेल्या प्लॅस्टिकचा असतो आणि आपल्याकडे तो कोणाच्या लक्षात येत नाही. पडलेली आरसीसीबी गाणी लावायची आहेत म्हणून बायपास करून घेऊ नका, गणपतीची आरती सिस्टिमशिवाय होते. मुख्य बोर्डावरून गॅरेजची लाईन बंद करा, शटर ओढून घ्या, मुलांना तिकडे जाऊ देऊ नका, आणि वायरमन येऊन मोजून जाईपर्यंत ते बटण तसंच बंद राहू द्या.